खर्रा, विडी आणि विजेवरची सिगारेट : हृदय व रक्तवाहिन्यांवर होणारे परिणाम

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, विभागवार कामकाज आणि नव्या यंत्रसामग्रीची नोंद असतेच. त्यासोबत एखाद्या आजाराविषयी सर्वांना समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, अशी आमची प्रथा आहे. यंदा त्यासाठी आम्ही तंबाखू व निकोटीन यांचा हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम हा विषय निवडला आहे. तंबाखू म्हटली की आपल्याला तोंडाचा कर्करोग आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तंबाखू हृदयाचाही घात करते, मेंदूच्या रक्तवाहिनीचाही घात करते, ही गोष्ट अद्याप आपल्या भागात पुरेशी रुजलेली नाही. ती न रुजण्यास काही अंशी आम्हीही कारणीभूत आहोत. म्हणून आरंभ आमच्याच एका चुकीपासून करतो.

केसपेपरवरील एक रकाना

काही काळापूर्वी छातीतील तीव्र वेदनेमुळे चाळिशीतील एक शेतकरी आमच्याकडे दाखल झाले. हृदयाला रक्त पुरवणारी एक वाहिनी गुठळीने बंद झाली होती. वेळेवर उपचार मिळाल्याने ते वाचले. त्यांच्या केसपेपरवर ‘व्यसन : नाही’ असे लिहिलेले होते. ना मद्य, ना विडी, ना सिगारेट, ना मधुमेह. एवढ्या लहान वयात असे का व्हावे, याचा आम्ही विचार करीत असताना वॉर्डातील परिचारिकेला त्यांच्या उशाखाली खर्र्याची पन्नी सापडली. पत्नीला विचारले तेव्हा त्या निरागसपणे म्हणाल्या, “नाही जी डॉक्टरसाहेब, त्यायले काहीच व्यसन नाही. फक्त खर्रा खातेत.”

त्या माउलीचा काहीच दोष नव्हता. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत खर्रा हे व्यसन मानलेच जात नाही. घरी आलेल्या पाहुण्यापुढे तो केला जातो, कामाच्या विश्रांतीत तो खाल्ला जातो आणि चौकातल्या पानठेल्यावर तो समोर घोटून मिळतो. चूक आमची होती. आम्ही वर्षानुवर्षे “विडी-सिगारेट पिता का?” एवढेच विचारीत आलो आणि “नाही” हे उत्तर लिहून पुढे गेलो. या अहवालात ‘तंबाखू खाणारे हृदयरुग्ण किती’ याचा आकडा आम्ही देत नाही, त्याचे कारण हेच. प्रश्नच अपुरा विचारला गेला असेल, तर त्याच्या उत्तरांची बेरीज करून काय साधणार?

रक्तवाहिनी ही नुसती नळी नव्हे

निरोगी माणसाचे हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. या श्रमासाठी त्यालाही रक्त लागते. ते रक्त हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या लहानशा वाहिन्यांतून मिळते. रक्तवाहिनी म्हणजे पाण्याच्या नळासारखी निर्जीव नळी, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तिच्या आतील बाजूस पेशींचे एक अत्यंत पातळ अस्तर असते आणि ते अस्तर सतत कार्यरत असते. रक्ताची गरज वाढली की ते वाहिनीला रुंद होण्याचा आदेश देते. रक्त विनाकारण गोठू नये, बिंबाणू भिंतीला चिकटू नयेत, याचीही काळजी तेच घेते. हा आदेश नायट्रिक ऑक्साइड या वायूच्या सूक्ष्म प्रमाणातून दिला जातो. या शोधासाठी १९९८ साली तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे अस्तर बिघडले की पुढची हानी सुरू होते. वाहिनी हवी तेव्हा रुंद होत नाही, भिंतीत चरबीयुक्त थर साचू लागतो, भिंत ताठर होते आणि एखाद्या दिवशी तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी बनते. ती गुठळी हृदयाच्या वाहिनीत झाली तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या वाहिनीत झाली तर लकवा, म्हणजेच पक्षाघात होतो, आणि पायाच्या वाहिनीत झाली तर पाय काळा पडतो. नावे तीन असली, तरी आजाराचे मूळ एकच. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील वाढलेली चरबी यांप्रमाणेच तंबाखूही या अस्तरावर आघात करते.

निकोटीन काय करते?

तंबाखूची सवय लावणारा घटक म्हणजे निकोटीन. तो विडीतून येवो, खर्र्यातून येवो वा विजेवरच्या सिगारेटमधून येवो, शरीरात शिरल्यावर त्याचे वर्तन तेच असते. निकोटीन मज्जासंस्थेला चेतवते आणि अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात सोडावयास लावते. भय वाटल्यावर जसे होते, तसेच मग शरीरात घडते. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, वाहिन्या आवळल्या जातात. म्हणजे हृदयाचे काम वाढते आणि त्याच वेळी त्याला मिळणाऱ्या रक्ताचा मार्ग अरुंद होतो. निरोगी तरुणाला हे जाणवत नाही. ज्याच्या वाहिनीत आधीच अडथळा आहे, त्याच्या बाबतीत मात्र हाच क्षण घातक ठरू शकतो.

धुरातून निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते व लवकर ओसरते. तोंडात धरलेल्या तंबाखूतून ते सावकाश शिरते, पण दीर्घ काळ रक्तात राहते. येथे चुन्याची भूमिका लक्षात घेतली पाहिजे. चुना हा अल्कधर्मी आहे आणि अल्कधर्मी माध्यमात निकोटीन गालाच्या आतील त्वचेतून अधिक सहजतेने रक्तात उतरते. तंबाखूला चुना चोळून ‘किक’ वाढवण्याची युक्ती आपल्या पूर्वजांना रसायनशास्त्र न शिकताच सापडली होती. तिचा भार मात्र हृदयाला वाहावा लागतो.

विडी आणि आपले जंगल

चंद्रपूर-गडचिरोलीचा विडीशी संबंध केवळ ओढण्यापुरता नाही. विडीचे पान, म्हणजेच तेंदूपत्ता, आपल्या जंगलातून जातो. उन्हाळ्यात पहाटे उठून कुटुंबेच्या कुटुंबे पाने तोडतात, पुडे बांधतात आणि त्या काही दिवसांच्या कमाईवर पावसाळ्यापूर्वीची देणी भागतात. या कष्टांविषयी आम्हाला पूर्ण आदर आहे आणि त्या कमाईवर बोट ठेवण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु त्या पानात गुंडाळलेली तंबाखू ज्याच्या छातीत जाते, तोही बहुधा असाच कष्टकरी असतो, हेही सत्य आहे.

‘विडी नैसर्गिक, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य’ हा समज निराधार आहे. विडीच्या धुरातही निकोटीन, कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर असते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावते. धुरातील कण व दाहक द्रव्ये वाहिनीचे अस्तर खरवडतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. तरुण वयात विडी ओढणाऱ्यांना पायाच्या लहान वाहिन्या बंद होण्याचा एक आजारही जडतो. त्याला वैद्यकात बर्जरचा आजार म्हणतात. चालताना पोटरी दुखू लागते, पुढे बोटाला जखम होते, ती भरत नाही आणि शेवटी बोट वा पाय कापावा लागतो. विडी पूर्णपणे सोडणे हाच त्यावरील मुख्य उपचार आहे.

धूर नाही, म्हणून धोका नाही?

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्याचा प्रश्न मुख्यत्वे चघळण्याचा, चोळण्याचा आणि दातांना घासण्याचा आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत खर्रा, नस व चुनातंबाखू ही त्याची रूपे.

खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेले असतात. सुपारी हीदेखील निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. तोंड न उघडण्याचा आजारही मुख्यत्वे सुपारीचाच परिणाम होय. सुपारीतील अॅरेकोलिन हे द्रव्य मज्जासंस्थेवर परिणाम करते, त्यामुळे खर्रा खाणाऱ्याच्या शरीरावर दोन चेतक द्रव्यांचा एकत्रित मारा होतो.

हृदयाविषयीचा सर्वांत बोलका पुरावा ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाने दिला. त्यात भारतीय रुग्णही होते. सुमारे २७ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेले तंबाखूविषयीचे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तंबाखूपासून कायम दूर राहिलेल्यांच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. केवळ तंबाखू चघळणाऱ्यांत तो २.२३ पट होता आणि दोन्ही करणाऱ्यांत चौपटीहून थोडा अधिक. ‘विडी सोडून खर्रा धरला’ असे समाधानाने सांगणारे अनेक रुग्ण आम्हाला भेटतात. त्यांनी एक धोका सोडून दुसरा पत्करला आहे, एवढेच या आकड्यांवरून म्हणता येते.

सर्व देशांतील धूरविरहित तंबाखू सारखी नसते, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. स्वीडन व अमेरिकेतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तेथील पदार्थांबाबत प्राणघातक हृदयविकाराचा वाढीव धोका १३ टक्के, तर प्राणघातक पक्षाघाताचा ४० टक्के आढळला. पदार्थ, त्याचे प्रमाण व घेण्याची रीत यांनुसार धोका कमीअधिक होतो. परंतु म्हणून तो शून्य मानता येत नाही.

विजेवरची सिगारेट

अलीकडे शहरात शिकणाऱ्या मुलांचे पालक आम्हाला एक नवा प्रश्न विचारतात. मुलाच्या दप्तरात पेनसारखी वा पेन ड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू सापडते, तिला फळाचा किंवा पुदिन्याचा वास येतो, आणि मुलगा सांगतो की यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे. याच वस्तूला ई-सिगारेट किंवा व्हेप म्हणतात. तिचे आजचे रूप २००३ च्या सुमारास चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी घडवले. बॅटरीवर तापणारी तार एका द्रवाची बारीक फवार बनवते आणि ती श्वासासोबत ओढली जाते. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुवास आणि बहुतेक वेळा निकोटीन असते.

ती खरोखर नुसती वाफ नसते. तापमान वाढले की त्या द्रवापासून फॉर्मल्डिहाइड व अॅक्रोलिनसारखी दाहक द्रव्ये तयार होतात. तारेतून निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे अंश त्यात मिसळू शकतात. निकोटीनयुक्त फवार ओढल्यानंतर नाडी व रक्तदाब वाढतो, धमन्या तात्पुरत्या ताठर होतात आणि वर सांगितलेल्या अस्तराचे कार्य मंदावते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या गंभीर इजेची साथच उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले वा मृत्यू पावले. मृतांची संख्या ६८ होती. त्या साथीचा संबंध प्रामुख्याने गांजाचा अर्क असलेल्या द्रवात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या एका संयुगाशी आढळला. नळीत काय भरले आहे हे ओढणाऱ्याला कळत नाही, हा त्यातील धडा.

दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड व डांबर यांचा भार सिगारेटहून बराच कमी असतो. स्कॉटलंडमधील डंडी येथे झालेल्या एका चाचणीत सिगारेट पूर्णपणे सोडून व्हेपकडे वळलेल्यांच्या वाहिन्यांचे कार्य महिनाभरात सुधारलेले दिसले. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडण्याचे साधन म्हणूनही तिचा उपयोग केला जातो. परंतु हा लाभ आधीच सिगारेट ओढणाऱ्याचा आहे. ज्या मुलाने कधी विडीला हात लावलेला नाही, त्याच्यासाठी ती निव्वळ हानीच होय. त्यातच ही वस्तू नवी आहे. वीस-तीस वर्षे ती ओढल्यावर हृदयाचे काय होते, हे कळण्याइतका काळ अजून लोटलेला नाही. सिगारेटच्या दुष्परिणामांची खात्री पटायलाही कित्येक दशके जावी लागली होती.

आपल्या देशात ही चर्चा कायद्याने मिटवली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबर २०१९ मध्ये संसदेचा कायदा होऊन ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. तरीही ती चोरून मिळते. मुलाच्या हाती ती आढळल्यास मारहाण वा बदनामी न करता त्याला आमच्याकडे आणावे. तो गुन्हेगार नसून निकोटीनच्या विळख्यात सापडू पाहणारे आपलेच लेकरू आहे.

गडचिरोलीने दाखवलेले वास्तव

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार, असा एक समज होता. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली. डॉ. योगेश कालकोंडे व सहकाऱ्यांनी ते निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या कारणांत पक्षाघाताचा क्रमांक पहिला होता. त्यांपैकी सुमारे ८७ टक्के मृत्यू घरीच झाले.

हे सारे मृत्यू तंबाखूमुळे झाले, असे तो अभ्यास म्हणत नाही व आम्हीही म्हणत नाही. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब हे आहे. परंतु ज्या गावात रक्तदाब मोजला जात नाही आणि खर्रा दिवसभर तोंडात असतो, त्या गावात दोन्ही संकटे एकाच वाहिनीवर कोसळतात. दारू व तंबाखू या दोहोंविरुद्ध गडचिरोलीत २०१६ पासून शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू झाले. गाव संघटित झाल्यास व्यसनाचा प्रश्न हाताळता येतो, हा विश्वास त्यामागे आहे. १९९३ साली दारूबंदी मिळवणाऱ्या जिल्ह्याला असा विश्वास ठेवण्याचा अधिकार आहे.

सोडल्यावर काय होते?

आता आशेची गोष्ट. तंबाखू सोडल्यावर हृदय फार कृतज्ञतेने वागते. नाडी व रक्तदाबावरील निकोटीनचा ताण काही तासांतच ओसरू लागतो. धूम्रपान थांबवल्यास रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत सामान्य पातळीवर येतो. ‘इंटरहार्ट’मध्ये धूम्रपान सोडून तीन वर्षांहून कमी काळ झालेल्यांत झटक्याचा धोका तिपटीवरून १.८७ पटीवर आलेला दिसला, आणि वीस वर्षांनंतर तो १.२२ पट उरला. “आता सोडून काय उपयोग?” असे म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णाला हे आकडे सांगावेत. झटका येऊन गेल्यावर सोडणाऱ्यालाही लाभ होतोच.

सोडणे सोपे नाही. पहिला आठवडा कठीण जातो. चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे हे त्रास होतात आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतात. तलफ येते, पण ती काही मिनिटांतच जाते. तेवढा वेळ पाणी प्यावे, चार पावले चालावे, तोंडात बडीशेप वा लवंग धरावी. गरज भासल्यास निकोटीनचा गम व इतर औषधे आहेत. हृदयरुग्णाने ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. शासनाच्या १८००-११-२३५६ या मोफत दूरध्वनीवरही समुपदेशन मिळते.

आप्तांना एक विनंती. रुग्णाला भेटायला येताना प्रेमापोटी खर्रा आणू नये. तो उशाखाली पोहोचतो तो आपल्याच हातून. आणि एकाएकी तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे अथवा छातीत दडपून दुखून घाम फुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. जंगलातील वाटेवर हे तास फार लवकर संपतात.

आमचा संकल्प

विश्वस्त व देणगीदारांच्या औदार्यामुळे बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला पुन्हा चालते करण्याची साधने आमच्याकडे आली. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु बरा होऊन घरी गेलेला रुग्ण फाटकाबाहेरच्या पानठेल्यावर थांबला, तर त्या साधनांचे श्रम वाया जातात. म्हणून पुढील वर्षापासून प्रत्येक रुग्णास खर्रा, नस, विडी, सिगारेट व व्हेप यांविषयी नावानिशी विचारावयाचे, त्याची नोंद ठेवावयाची आणि प्रत्येकाशी, सोबत आलेल्या नातलगांसह, सोडण्याविषयी बोलावयाचे असे आम्ही ठरवले आहे. या कामाला महागडे यंत्र लागत नाही. त्यासाठी गोंडी व झाडीबोलीत आपुलकीने बोलणारी, वेळ देणारी माणसे लागतात. या खर्चाचे छायाचित्र निघत नाही आणि त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही लावता येत नाही. तरीही आपण त्यास हातभार लावाल, अशी आमची खात्री आहे.

आरंभी सांगितलेले ते शेतकरी अधूनमधून तपासणीस येतात. त्यांच्या केसपेपरवरील रकाना आम्ही खोडून दुरुस्त केला आहे. ‘व्यसन : खर्रा. सोडला आहे.’ अशी दुरुस्ती आणखी अनेक केसपेपरांवर करण्याची संधी आम्हाला मिळो, हीच प्रार्थना.